कुलमुखत्यार बाईच्या मागावर

रत्नागिरीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात माझी ३१ वर्षं गेली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, कुलमुखत्यारपत्र. माणूस दारातून आत आला की आधी त्याच्या हातातल्या कागदाकडे बघायचं आणि मग तोंडाकडे, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. ती ओळखूनच माझ्या स्वीडनमधल्या माल्मोच्या भाचीने गेल्या पावसाळ्यात एका जुन्या कागदाचा फोटो धाडला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मावशी, हा दस्त तू नोंदवून घेतला असतास का?"

कागद १३९७ सालचा. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन राज्यांनी यापुढे एकच राजा मानावा, असा करार त्यात आहे. हे सगळं जिने जुळवून आणलं ती मार्ग्रेटे, डेन्मार्कच्या वाल्देमार राजाची धाकटी लेक. करार लिहून देणाऱ्यांत तिचं नाव नाही. गादीवर बसवलेला राजाही दुसराच. मी फोटो मोठा करून शिक्के मोजले, पुन्हा मोजले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "व्हिसाचं काय ते बघा."

सप्टेंबरात निघालो.

दिवस पहिला, माल्मो

कोपनहेगनच्या विमानतळावरूनच स्वीडनची गाडी मिळते. रूळ आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरतात, मग एका मानवनिर्मित बेटावर डोकं वर काढतात आणि तिथून पुढे पूल. हा पूल २००० साली खुला झाला. पलीकडे पासपोर्ट तपासायला पोलीस गाडीत चढले. ह्यांनी विमा, हॉटेल, परतीचं तिकीट असं सगळं बाड काढून मांडीवर ठेवलं. पोलिसाने फक्त पासपोर्ट पाहिला.

मार्ग्रेटेच्या वेळी इथे सीमा नव्हती. स्कोने नावाचा हा सगळा दक्षिण पट्टा डेन्मार्कचाच होता, तो १६५८ च्या तहात स्वीडनकडे गेला. त्यामुळे तिच्या डॅनिश आयुष्यातली अर्धी ठिकाणं आज स्वीडनमध्ये आहेत.

भाचीने आमटी-भात केला होता. जेवून आठ वाजता आडवे झालो ते थेट पहाटे तीनला टक्क जागे.

दिवस दुसरा, रोस्किल्ड आणि सोरो

कोपनहेगनहून पश्चिमेला तासाच्या आत रोस्किल्ड. गावापेक्षा चर्च मोठं. लाल विटांचं, दोन टोकदार शिखरांचं. आठशे वर्षांहून जुनी ही इमारत आता जागतिक वारसा यादीत आहे आणि डेन्मार्कचे ४० च्या आसपास राजे-राण्या तिच्यात विसावल्या आहेत. प्रत्येक घराण्याने आपली खोली बाहेरून जोडून घेतली आहे. भाऊ वेगळे निघाले की मूळ घराला पडव्या काढतात ना, तसं.

आत शिरलो आणि घड्याळाचे ठोके सुरू झाले. भिंतीवर वरती संत जॉर्ज घोड्यावर बसलेला. तास भरला की घोडा पायाखालच्या ड्रॅगनला तुडवतो आणि ड्रॅगन केविलवाणं ओरडतो. शेजारच्या दोन लाकडी बाहुल्यांपैकी पुरुष तासाचा टोला देतो आणि बाई पाव तासांचे. म्हणजे जास्त वेळा काम बाईलाच. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "मी काही बोललो नाही."

मार्ग्रेटे मुख्य वेदीच्या मागे आहे. अख्ख्या चर्चमधली सगळ्यात मोक्याची जागा. काळ्या चौथऱ्यावर पांढऱ्या अलाबास्टर दगडात ती उताणी निजलेली, हात जोडलेले, अंगावर चुण्यांचा पायघोळ झगा. ही मूर्ती १४२३ च्या सुमाराची, ल्यूबेकच्या योहानेस युंगे या शिल्पकाराची समजतात. ती गेली १४१२ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी. दगडातला चेहरा मात्र विशीतला. गाल गोल, कपाळ गुळगुळीत. तीन राज्यांच्या सरदारांशी ३० वर्षं घासाघीस केलेल्या बाईचा हा चेहरा नव्हे. मी बराच वेळ एखादी सुरकुती शोधली.

ती मेली तीही घरात नाही. फ्लेन्सबोर्गच्या बंदरात जहाजावर असताना, २८ ऑक्टोबरला. डेन्मार्कच्या दक्षिण सीमेवरच्या श्लेस्विग प्रांताचा झगडा मिटवायला गेली होती. तिला आधी पुरलं ते सोरोच्या मठात, बाप आणि मुलाशेजारी. पुढच्या वर्षी रोस्किल्डच्या बिशपने, पेडर लोदेहाटने, तिची शवपेटी तिथून हलवून इथे आणली. राणीची समाधी असली की चर्चला मान आणि दान दोन्ही. हा बिशप तिच्या अगदी विश्वासातला, पण तिची परवानगी कुणी विचारायची, आणि कशी?

समाधीपासून थोड्या अंतरावर तिच्या सोनेरी पोशाखाची प्रतिकृती आहे. मूळ पोशाख १६५९ मध्ये स्वीडिश सैन्याने लुटून नेला, तो आजतागायत उप्सालात. म्हणजे दगडातला चेहरा तिचा नाही आणि पोशाख नक्कल. मी वहीत लिहिलं, "तिचं स्वतःचं काय?"

बाकी खोल्या भराभर पाहिल्या. एका खोलीत राजांच्या उंच्या खुणावलेला खांब आहे. त्यावर पहिल्या क्रिस्तियानची उंची २१९.५ सेंटीमीटर लावली आहे. हाडं मोजली तेव्हा ती १८८ भरली. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणी जुळत नाही, हे दुखणं तिकडेही आहे तर.

स्वीडनच्या संत बिर्गिताच्या नावाच्या खोलीत एक समाधी तयार करून झाकून ठेवली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ज्यांनी गादी सोडली त्या दुसऱ्या मार्ग्रेटे राणींची. त्या स्वतःला 'दुसरी' म्हणवतात ते आमच्या या बाईला 'पहिली' मानूनच. तिला हयातीत कुणी असा आकडा लावला नव्हता. आणि योग असा, की पहिली मार्ग्रेटे लहानाची मोठी झाली ती याच बिर्गिताच्या मुलीच्या हाताखाली. त्याबद्दल पुढे, ऑस्लोत.

दुपारच्या गाडीने सोरो. स्टेशन गावाबाहेर, पुढे बस, वर पाऊस. तळ्याकाठी मठाचं शांत, अंधारं चर्च. इथे तिचा बाप वाल्देमार आहे, कोपनहेगन वसवणारा बिशप अब्सालोन आहे. ती जिथून उचलून नेली ते ठिकाण म्हणून आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. परतीच्या गाडीत माझ्या बुटातून पाणी निघत होतं.

दिवस तिसरा, फाल्स्टरबो आणि लुंड

सकाळी बसने फाल्स्टरबो. स्वीडनचा नैऋत्येचा शेवटचा कोपरा. तीन बाजूंनी समुद्र, वाळू, रंगीत लाकडी खोपट्यांच्या रांगा आणि गोल्फचं मैदान. सप्टेंबरात इथून शिकारी पक्ष्यांचे थवे दक्षिणेला निघतात. रस्त्याकडेला माणसं दुर्बिणी लावून खुर्च्या टाकून बसली होती. "किल्ला कुठाय?" म्हणून एका आजोबांना विचारलं तर त्यांनी गवताच्या उंचवट्याकडे बोट केलं. किल्ला म्हणजे तेवढाच.

पण सहाशे वर्षांपूर्वी या वाळूवर उत्तर युरोपचा केवढा तरी पैसा फिरत होता. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हेरिंग मासळीचे थवे किनाऱ्याला लागत. जर्मन व्यापारी ल्यूनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांचं मीठ ल्यूबेकमार्गे जहाजांनी आणत. मासळी साफ करून, मिठात दाबून पिंपांत भरली, की उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेला सगळा ख्रिस्ती युरोप ती खाई. या बाजाराची जकात ज्याच्या हाती, तो श्रीमंत. वाल्देमारने जर्मन शहरांच्या हान्सा संघाशी पंगा घेतला आणि हरला. १३७० च्या तहात इथले किल्ले १५ वर्षांसाठी हान्साकडे गेले. आमच्याकडे मिऱ्याला सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास ज्याने घेतलाय, त्याला ही वाळू काय वासाची असेल ते सांगायला नको.

इथेच ३ ऑगस्ट १३८७ ला मार्ग्रेटेचा एकुलता एक मुलगा ओलाफ वारला. वय १६. आईकडून डेन्मार्क आणि बापाकडून नॉर्वे अशी दोन राज्यं त्याच्या नावावर होती, कारभार आईचा. आपल्या सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं नाव घालतात, अज्ञान पालनकर्ता. मार्ग्रेटे ११ वर्षं बहुतेक काळ हीच अ.पा.क. होती. आपल्या ताराबाईंनीही असाच मुलाच्या नावाने कारभार ओढला. पण अज्ञानच मेला, की पालनकर्त्याचा हक्क त्याच क्षणी संपतो. कायदा तेव्हाही तोच असणार.

दुपारी लुंडला गेलो, कारण पुढची गोष्ट तिथे घडली. आठच दिवसांत, १० ऑगस्टला, लुंडच्या सभेने तिला निवडलं. राणी म्हणून नव्हे, त्यासाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हता. डेन्मार्कमध्ये राजा निवडायची रीत होती, राणी निवडायची नव्हती. मग त्यांनी एक नवीच पदवी रचली. तिचे तीन तुकडे आहेत. 'फुल्डमेग्टिग फ्रूए', म्हणजे पूर्ण अधिकार दिलेली बाई. हा पहिला शब्द आजही डॅनिश सरकारी कचेरीत एका हुद्द्याचं नाव आहे आणि माझ्या भाषेत त्याचं भाषांतर एकच, कुलमुखत्यार. दुसरा, 'हुसबॉन्द'. इंग्रजीतल्या हजबंडचा सख्खा भाऊ. मूळ अर्थ घराचा मालक, घरधनी. आणि तिसरा, साऱ्या राज्याची पालक. मुलाचं पालकत्व संपलं होतं, तर राज्यच अज्ञान ठरवून तिच्या पदरात घातलं!

भाची म्हणाली, "मावशी, बाईला नवरा म्हणाले?"

म्हटलं, "घरधनी म्हणाले. आपल्याकडे घर चालवणारी बाईच असते, फक्त पाटीवर नाव काकांचं."

काकांनी त्या वेळी आइस्क्रीम धरलं होतं, ते गप्प.

लुंडचं चर्च राखाडी दगडाचं, बाराव्या शतकातलं. खाली तळघरात एक दगडी राक्षस खांबाला मिठी मारून उभा आहे. वर १४२४ च्या सुमाराचं मोठं खगोलीय घड्याळ. तीन वाजता त्याची दारं उघडतात आणि तीन राजे बाहेर येऊन बाळ येशूला मुजरा करत जातात. शाळेची मुलं टाळ्या वाजवत होती. तीन राजे आणि मधोमध मांडीवर बाळ घेतलेली आई, हे बघताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला नको.

फाल्स्टरबोची एक पुरवणी राहिली. ओलाफ इतका अचानक गेला, की तो मेलाच नाही अशी आवई उठत राहिली. १४०२ मध्ये एक माणूस उगवला, मीच ओलाफ म्हणून. त्याला धड डॅनिश येत नव्हतं. त्याला फाल्स्टरबोजवळच जिवंत जाळलं. तोतयाचं प्रकरण आपल्याला सदाशिवरावभाऊंमुळे ठाऊक आहे, पण त्यात ओळख पटवायला आईला बसावं लागत नाही. इथे तपासणारी आणि शिक्षा देणारी तीच.

दिवस चौथा

घरीच. कपडे धुतले. कांदेपोहे. ह्यांनी दुपारी भाचीच्या सोफ्यावर तीन तास झोप काढली आणि उठून विचारलं, "राणी कुठवर आली?"

दिवस पाचवा, काल्मार

माल्मोहून थेट गाडी, तीन तास. सूचिपर्णी झाडं, तळं, लाल लाकडी घर, पुन्हा झाडं. एल्महुल्ट नावाचं स्टेशन गेलं, आयकिया तिथे जन्मली म्हणे.

काल्मार निवडायचं कारण नकाशा पाहिला की कळतं. गाव स्वीडनचं, पण तेव्हाची डॅनिश हद्द तिथून फार लांब नव्हती. किनाऱ्यावर, पक्क्या किल्ल्याच्या सावलीत. कुठल्याच पाहुण्याला फार आत यावं लागू नये, अशी जागा. जमिनीचे वाद मिटवायला गावकरी शिवेवरच्या देवळात बसतात तसं.

गादीवर बसवायचा मुलगा तिने आधीच शोधला होता. बहीण इंगेबोर्गचा नातू, बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरानियातला बोगिस्लाव. त्याचं नाव बदलून एरिक ठेवलं, कारण उत्तरेकडच्या राजाला उत्तरेकडचं नाव पाहिजे. दत्तक घेतलं की नाव बदलायचं, हे मला काही नवीन वाटलं नाही. स्वीडनच्या गादीवर आधी जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा आल्ब्रेक्ट होता. स्वीडिश सरदारांचं त्याच्याशी बिनसलं, ते मार्ग्रेटेकडे आले. आल्ब्रेक्ट तिला 'बिनविजारीचा राजा' म्हणून हिणवायचा आणि सुयांना धार लावायला त्याने तिला सहाणेचा दगड पाठवला होता, अशी दंतकथा आहे. २४ फेब्रुवारी १३८९ ला ओस्लेच्या लढाईत तो पकडला गेला आणि सहा वर्षं कैदेत राहिला. सुटकेसाठी ६०,००० मार्क चांदी किंवा स्टॉकहोम शहर, अशी अट. पैसे जमले नाहीत. १३९८ मध्ये शहर तिच्या हाती आलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १७ जून १३९७ ला, काल्मारमध्ये एरिकला मुकुट घातला. लुंड आणि उप्साला इथल्या दोन आर्चबिशपांच्या हस्ते. राजा पंधरा वर्षांचा, कारभार मावशीआजीचा.

किल्ला देखणा आहे. खंदक, पूल, चार कोपऱ्यांना गोल बुरूज, त्यांवर हिरवट तांब्याच्या टोप्या. पण ही नटवानटवी सोळाव्या शतकातल्या व्हासा राजांची. मार्ग्रेटेचा किल्ला या गिलाव्याच्या आत कुठे तरी दडला आहे. चौदाव्या एरिकच्या, म्हणजे त्या सोळाव्या शतकातल्या दुसऱ्याच एरिकच्या, दालनात लाकडावरचं जडावकाम आणि भिंतीवर वरच्या बाजूने चुन्यात उठवलेला शिकारीचा देखावा, हे मात्र डोळे निवतील असं. समारंभ झाला असेल ते जुनं मोठं चर्चही आता नाही. सतराव्या शतकात गावच तिथून उठून शेजारच्या बेटावर गेलं. जुन्या जागी दफनभूमी आणि गवत.

त्या गवतातच पाऊस गाठला. आडोसा कसला तो नाही. माझ्याकडे एका फाइलमध्ये त्या करारपत्राच्या फोटोची मोठी छापील प्रत होती, कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ पत्र आहे त्याची. उपाहारगृहात पोचून फाइल उघडली तर कागदाचा लगदा होत आलेला. शाई पसरून तिसऱ्या ओळीतलं काही वाचता येईना. मी टिश्यू पेपरने टिपत बसले आणि त्या क्षणी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हाताला लागलं. चामड्याचं असतं तर पुसून घेतलं असतं.

गंमत तीच आहे. काल्मारला दोन लेख झाले. एक राज्याभिषेकाचं पत्र. ते चर्मपत्रावर, ६७ जणांच्या नावे, खाली शिक्के लोंबत सोडलेले. वजनदार कामाची तीच रीत. दुसरा हा एकीकरणाचा करार. तीन राज्यांचा राजा एक, युद्धात एकमेकांना मदत, एका राज्यातून हद्दपार झालेला तिन्हींतून हद्दपार, पण कायदे ज्याचे त्याचे आणि मार्ग्रेटेला जे मिळालं ते तिच्या हयातीपर्यंत तिचं. एवढा मोठा ऐवज, आणि लिहिला कशावर? साध्या कागदावर. शिक्के लोंबते नाहीत, कागदावरच दाबलेले. नावं १७ जणांची, शिक्के १०. नॉर्वेकरांचा एकही नाही. करारातच म्हटलंय की याच्या चर्मपत्रावर सहा प्रती कराव्यात, दर राज्याला दोन. अशी एकही प्रत आजवर सापडलेली नाही.

हा पक्का करार की नुसता मसुदा, यावर तिकडचे इतिहासकार शंभराहून जास्त वर्षं भांडताहेत. मी पंधरा मिनिटांत परत केला असता. पक्षकार अपुरे, सह्या अपुऱ्या, कागद चुकीचा. दुरुस्त करून आणा.

पण असले अर्धवट दस्त मी खूप पाहिलेत, आणि ते नेहमी विसरभोळेपणाने अर्धवट राहत नाहीत. कोणाचं तरी काम अर्ध्यावरच भागलेलं असतं. अभिषेकाच्या पत्राने एरिकला राजा म्हणून मान्यता मिळाली, अटी कमी. करारपत्राने मात्र राज्याराज्यांच्या सरदारमंडळांना अधिकार मिळाले असते, राजाचे हात बांधले गेले असते. पहिलं पक्कं झालं, दुसरं लोंबकळत राहिलं, आणि मार्ग्रेटे पुढची १५ वर्षं तिन्ही राज्यं चालवत राहिली. मला तरी ही बाई चर्मपत्र आणायला विसरली असेल असं वाटत नाही.

कॉफी गार झाली होती. ह्यांनी दालचिनीचे दोन पाव संपवले होते, त्यातला एक माझा.

दिवस सहावा

गाडीत. आल्वेस्ताला बदली, स्टॉकहोमला बदली. कागद खिडकीजवळ वाळत घातला.

दिवस सातवा, उप्साला

उप्सालाच्या चर्चची उंची आणि लांबी सारखीच, ११८.७ मीटर. खाली गुस्ताव व्हासा आपल्या तीन बायकांसह झोपलाय. १५२३ मध्ये स्वीडनला या एकीतून कायमचं बाहेर काढणारा तोच. त्याआधी डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्तियान राजाने स्टॉकहोममध्ये सरदारांची मुंडकी उडवली होती, त्यानंतर कुठली एकी? आणि त्याच चर्चच्या मनोऱ्यात, खजिन्याच्या दालनात, मार्ग्रेटेचा पोशाख.

दालनात उजेड अगदी मंद. काचेपलीकडे तो एकटाच उभा, आत माणूस असल्यासारखा. सोन्याची जर आणि रेशीम. मी पैठणीच्या नजरेने पाहिलं. काठ नाही, पदर नाही, सबंध अंगभर मोठी मोठी नक्षी, डाळिंबासारखी. छातीशी घट्ट, कमरेपासून खाली घेर सुटत सुटत जमिनीवर लोळलेला. जर काही ठिकाणी झिजून खालचा धागा दिसतो. आमच्या आजीच्या शालूच्या निऱ्या उलगडल्या की घडीवर अशाच रेघा दिसायच्या. कुणी तरी हा अंगावर घालून वावरलंय, एवढं नक्की.

कोण, ते नक्की नाही. रोस्किल्डला तिच्या नावाने जपला होता खरा, पण कापडाच्या आणि शिवणीच्या अभ्यासकांत एकमत नाही. ते तिच्या अखेरच्या वर्षांतलंही असू शकतं आणि तिच्या नंतरचंही. मध्ययुगातला असा समारंभी पोशाख अख्खा टिकणंच इतकं दुर्मीळ, की ताडून पाहायला जोडीदार नाही.

शेजारच्या काचेत स्टुरे या स्वीडिश सरदार घराण्यातल्या तिघांचे कपडे आहेत. १५६७ मध्ये चौदाव्या एरिकने, काल्मारला ज्याचं दालन पाहिलं त्यानेच, त्यांचा खून करवला. त्या कपड्यांवर भोसकल्याची भोकं आहेत. त्यांच्या मालकीबद्दल कुणाला शंका नाही.

दिवस आठवा आणि नववा, ऑस्लो

आठवा दिवस पुन्हा गाडीत गेला. ऑस्लोत हॉटेलचं भाडं भरताना ह्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि पाणी मागितलं.

नवव्या दिवशी सकाळी आकेर्सहुस. फ्योर्डच्या, म्हणजे लांब आत शिरलेल्या खाडीच्या, आतल्या टोकाशी खडकावर बांधलेला किल्ला, १३०० च्या सुमाराला सुरू झालेला. खालच्या धक्क्याला दहा मजली पर्यटक जहाज लागलेलं, किल्ल्याहून उंच. तटावर गवत, तोफा, गणवेशातले पहारेकरी. यालाही डेन्मार्क-नॉर्वेच्या चौथ्या क्रिस्तियान राजाने पुढे नवा साज चढवला, पण खालच्या दगडी खोल्यांत जुनी थंडी शिल्लक आहे. सप्टेंबरात स्वेटरच्या आत शिरत होती.

१३६३ मध्ये कोपनहेगनला मार्ग्रेटेचं लग्न नॉर्वेच्या होकोन राजाशी लागलं. ती १० वर्षांची, तो विशी ओलांडलेला. मग तिची पाठवणी इकडे झाली. सांभाळायला मॅर्टा नावाची बाई, संत बिर्गिताची मुलगी, कडक शिस्तीची. मॅर्टाची स्वतःची मुलगी आणि ही छोटी राणी एकत्र वाढल्या, दोघींनी एकाच छडीचा मार खाल्ला म्हणतात.

नवरा लढायांपायी बाहेर, ती किल्ल्यात. नॉर्वे तेव्हा भणंग झाला होता. १३४९ च्या प्लेगने निम्म्याहून अधिक माणसं नेली. शेतं ओसाड, मग सारा कुठून येणार? सारा नाही तर राजाच्या मुदपाकखान्यात काय शिजणार? अशात १३७० च्या सुमाराला, सतरा वर्षांच्या या राणीने आकेर्सहुसहून नवऱ्याला एक पत्र धाडलं. ते टिकलं आहे. मी त्याचा मजकूर वहीत उतरवून आणला होता. तटावरच्या बाकावर बसून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मतलब असा: मला आणि माझ्या नोकरमाणसांना खाण्यापिण्याची फार टंचाई आहे. लागतं ते मिळत नाही. काही तरी तजवीज करा, नाही तर माझी माणसं भुकेपायी मला सोडून जातील. आणि इथल्या जर्मन व्यापाऱ्याला लिहा, की मला लागेल ते उधारीवर देत जा, पैसे नक्की मिळतील.

ओलाफ त्याच वर्षी डिसेंबरात जन्मला. म्हणजे लिहिताना ती पोटुशी असावी.

वाचून झाल्यावर हे म्हणाले, "परत वाच. ते उधारीचं."

परत वाचलं.

"ही तक्रार नाही," हे म्हणाले. ह्यांचं किराणा दुकान होतं, २६ वर्षं. "तक्रार करणारा माणूस उधारी कुणाकडे मिळेल ते सांगत नाही. हिने दुकान हेरून ठेवलंय. हिला फक्त नवऱ्याची सही पाहिजे."

मी वही काढली आणि रोस्किल्डच्या पानावर 'तिचं स्वतःचं काय?' लिहिलं होतं, त्याखाली तारीख घातली. खाली जहाजाने भोंगा दिला. वारा वाढला होता. भाचीने निघताना दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली होती, डबा उघडला. दशम्या पाच उरल्या होत्या. आम्ही तीन खाल्ल्या आणि दोन रात्रीसाठी ठेवल्या.